कॅमेऱ्याची तिवई

रमजानचा 29 वा रोजा होता. मगरिबची अजान झाली. रोजा सोडून लोक नमाजला गेले आणि नमाज होताच मालेगावातल्या गच्च्या माणसांनी भरून गेल्या. सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागल्या होत्या. चंद्रकोर दिसली तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. ही संध्याकाळ तुम्हीही दरवर्षी अनुभवता, त्यामुळे तिचे वर्णन मी करीत बसत नाही.

आमच्या शेजारच्या गच्चीवर त्या दिवशी वेगळीच तयारी चालली होती. त्या घरचा थोरला मुलगा लग्नसमारंभात छायाचित्रे काढतो. त्याने हप्त्यांवर एक चांगला कॅमेरा घेतला होता आणि त्याचे चार हप्ते अजून बाकी होते. धाकटा नववीत शिकतो. ईदच्या चंद्राचे छायाचित्र आपण काढायचे, असे त्याने महिनाभर मनात धरले होते. भाईजानने त्याला कॅमेरा दिला, दुरचे दिसावे म्हणून लांब भिंग दिले आणि आठवड्यापूर्वी आणलेली नवी कोरी तिवईही दिली.

तिवई म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जिच्यावर चंचुपात्र ठेवून आपण खालून दिवा लावतो, ती तीन पायांची लोखंडी घडवंची. उर्दूत आपण तिला तिपाई म्हणतो. छायाचित्रकार जिच्यावर कॅमेरा बसवतात, तीही तिवईच. बाजारात मात्र तिला ट्रायपॉड किंवा नुसते स्टँड म्हणतात.

गच्चीचा कठडा उंच होता. म्हणून त्या मुलाने तिवईचे तिन्ही पाय पूर्ण लांब केले आणि मधला दांडाही शेवटपर्यंत वर ओढला. कॅमेरा बसवला. तेवढ्यात कोणी तरी ओरडले, “तो पाहा, चाँद!” लहान मुले कठड्याकडे धावली. एकाचा पाय तिवईला लागला की नुसत्या धावण्याने ती हलली, हे कोणालाच सांगता आले नाही. एक पाय हळूच खाली घसरला, तिवई कलली आणि कॅमेरा फरशीवर आदळला. भिंग जिथे कॅमेऱ्याला जोडलेले असते, तिथले कडे तुटले. ईदनंतरच्या आठवड्यात भाईजानला दोन लग्नांचे काम मिळाले होते.

आवाज ऐकून मी तिकडे गेलो. मुलगा रडकुंडीला आला होता. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, “चाचा, तिवई तर नवीन होती!”

मी ती तिवई उचलून दिव्याखाली नेली. ती नवीन होती हे खरेच. पण नवीन असणे आणि भक्कम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मोडक्या तिवईकडे पाहत पाहत जे मी त्या मुलाला सांगितले, तेच आता तुम्हाला सांगतो. आज ना उद्या तुमच्यापैकी कोणी तरी कॅमेरा हातात घेईल, कोणाचा तर तो व्यवसायही होईल. मग तिवई घ्यायची वेळ येईलच.

पहिला प्रश्न असा, की तिवई लागतेच कशाला? कॅमेरा हातात धरून छायाचित्र निघत नाही का?

निघते. भर उन्हात तर छान निघते. कॅमेऱ्यातील शटर नावाचा पडदा तेव्हा सेकंदाच्या पाचशेव्या किंवा हजाराव्या भागापुरता उघडतो. एवढ्या थोड्या वेळात आपला हात कितीसा हलणार? पण संध्याकाळी प्रकाश कमी असतो. पुरेसा प्रकाश आत यावा म्हणून शटर पाव सेकंद, अर्धा सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात हात कितीही आवरला तरी थरथरतोच. श्वासाने हलतो, नाडीच्या ठोक्यानेही हलतो. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर असेल, निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागापर्यंत शटर वेगवान असावे. म्हणजे 50 मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाचा पन्नासावा भाग आणि 300 मिलिमीटरच्या भिंगाला तीनशेवा भाग. त्याहून हळू जायचे असेल, तर कॅमेऱ्याला टेकू हवा.

लांब भिंगाला हा नियम एवढा कडक का? कारण ते दूरची वस्तू मोठी करून दाखवते आणि तिच्याबरोबर आपली थरथरही मोठी करते. थोडे गणित करू. एका अंशाचे 60 भाग केले, तर एका भागाला मिनिट म्हणतात. कॅमेरा फक्त एक मिनिट इतका कलला, तर 100 मीटर दूर असलेल्या वस्तूवर त्याची नजर सुमारे 3 सेंटिमीटर सरकते. आता चंद्र घ्या. आकाशात पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश, म्हणजे 30 मिनिटे दिसते. ईदची कोर किती जाड असते? चंद्राच्या रुंदीचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेव्हा कॅमेरा एक मिनिट हलला, की सारी कोर तिच्या जाडीच्या दुपटीने फासली जाते. छायाचित्रात नाजूक कोर न दिसता पांढरा फराटा दिसतो. डोळ्यांना जी हालचाल कळतही नाही, ती चित्र बिघडवायला पुरते.

छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात तर स्थिर आधाराशिवाय काहीच होत नसे. 1838 साली फ्रान्समधील दागेर या संशोधकाने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसे होती. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. कारण त्या वेळी एका चित्राला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जे जे चालत होते, ते ते चित्रातून पुसले गेले. एक माणूस मात्र उमटला. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता. घरे, झाडे आणि तो माणूस इतके स्वच्छ आले, कारण कॅमेरा तेवढा वेळ जागचा हलला नव्हता.

आपल्या देशात हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाळ नावाचे छायाचित्रकार होते. निजामांनी त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, हे तुम्हाला सांगायला नको. सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. त्यांच्या काळी छायाचित्रे काचेच्या तावदानावर उतरत. कॅमेरा लाकडाचा, अवजड आणि त्याला तितकीच भक्कम लाकडी तिवई. हे सारे ओझे घेऊन त्यांनी किल्ले, राजवाडे, देवळे आणि मशिदी टिपल्या. त्यांची चित्रे आजही रेखीव दिसतात. त्या रेखीवपणात त्या लाकडी पायांचाही वाटा आहे, असे मला नेहमी वाटते.

आता कोणी विचारील, पाय तीनच का? टेबलाला तर चार असतात. उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. म्हणून जमीन कितीही खडबडीत असो, तीन पाय एकाच वेळी जमिनीला टेकतातच. चार पायांच्या टेबलाचा एक पाय मात्र उंचसखल फरशीवर अधांतरी राहतो आणि टेबल डुगडुगते. रस्त्याची मोजणी करणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांचे मोजणीचे यंत्रही तीन पायांवरच उभे असते.

तीन पाय टेकले म्हणजे तिवई पडणार नाही, असे मात्र नाही. तिन्ही पाय जिथे टेकतात, ते बिंदू जोडून जमिनीवर एक त्रिकोण कल्पा. कॅमेरा आणि तिवई मिळून जो गुरुत्वमध्य होतो, त्यातून खाली सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. तो बाहेर गेला की तिवई उलटते. लांब भिंग पुढे डोकावत असते, म्हणून गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. यासाठी एक पाय नेहमी भिंगाच्या दिशेने, बरोबर त्याच्या खाली ठेवावा. आमच्या शेजारच्या मुलाने भिंगाच्या दिशेला दोन पायांमधली मोकळी जागा ठेवली होती. म्हणजे जिथे आधार सर्वांत कमी, तिकडेच ओझे झुकले होते.

ही मांडणीतली चूक झाली. ती एका दिवसात सुधारता येते. पण तिवईच कच्ची असेल, तर मांडणी कितीही चांगली केली तरी तिचा उपयोग नाही. म्हणून आता त्या मोडक्या तिवईचा एकेक अवयव पाहू.

तिचे पाय चार टप्प्यांचे होते. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी, तिसरीत चौथी. अशी तिवई मिटली की आखूड होते आणि पिशवीत मावते. दुकानदार हाच गुण आधी सांगतो. पण प्रत्येक आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा बारीक असणारच. समजा, वरची नळी 28 मिलिमीटर व्यासाची आणि तळाची 18 मिलिमीटरची आहे. पत्र्याची जाडी सारखीच असेल, तर तळाच्या नळीचा ताठपणा वरच्या नळीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतकाच उरतो. कारण पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. म्हणजे सगळे ओझे शेवटी सर्वांत नाजूक काडीवर येते. यासाठी तिवई घेताना वरची जाड नळी पाहून भुलू नका. पाय पूर्ण उघडा आणि तळाची नळी पाहा. ती बोटाएवढी बारीक असेल, तर तिवई परत ठेवा. प्रवास फार करायचा नसेल तर तीन टप्प्यांची तिवई घ्यावी, हे माझे मत आहे. ती मिटल्यावर लांब राहते, पण उभी राहिल्यावर ताठ राहते.

नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे त्या आवळण्यासाठी खटका किंवा पिळाचे कडे असते. खटक्याचा फायदा असा, की तो लागला आहे की सुटला आहे ते नुसत्या नजरेने कळते. पिळाचे कडे आटोपशीर असते, कुठे अडकत नाही, पण ते पुरते आवळले का, हे हातानेच पाहावे लागते. दोन्हींपैकी कोणतेही चालेल. ते कशाचे बनवले आहे, हे महत्त्वाचे. आमच्या शेजाऱ्यांच्या तिवईचे खटके पातळ प्लॅस्टिकचे होते. त्यांतील एकाला बारीक तडा गेला होता. तोच पाय घसरला होता. शिवाय ते खटके रिव्हेट ठोकून कायमचे बसवलेले होते. स्क्रू असता, तर ढिला झाल्यावर आवळता आला असता, तुटलेला खटका बदलता आला असता. रिव्हेट असल्यामुळे एक खटका तुटला की सगळी तिवई भंगारात. टिकाऊपणा ओळखायची ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. वस्तू खोलता येते का? तिचा सुटा भाग मिळतो का? खोलता न येणारी वस्तू पहिल्या मोडतोडीपर्यंतच टिकते.

मधल्या दांड्याविषयीही सांगायला हवे. उंची वाढवायला तो सोयीचा असतो. पण तो वर ओढला की काय होते? खाली तीन पाय आणि वर एकच पाय. म्हणजे तिवईच्या डोक्यावर काठी उभी करून त्या काठीच्या टोकावर कॅमेरा ठेवल्यासारखे होते. थोड्या वाऱ्यानेही ती काठी डोलते. म्हणून दांडा खाली ठेवूनच कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या जवळपास येईल, एवढ्या उंचीची तिवई निवडावी. दांडा अगदी नाइलाज झाला तरच वर करावा. काही तिवयांना हा दांडाच नसतो, आणि त्या चांगल्याच असतात.

सर्वांत वर माथा असतो. बाजारात त्याला हेड म्हणतात. कॅमेरा फिरतो, कलतो तो याच्यामुळे. एक प्रकार दांडीचा. त्यात आडवे फिरवायला एक दांडी आणि खालीवर करायला दुसरी असते. काम सावकाश होते, पण नेमके होते. दुसऱ्या प्रकारात खोबणीत एक गोळा बसवलेला असतो. एक मूठ सैल केली की कॅमेरा हवा तसा वळतो आणि आवळली की थांबतो. दोन्ही ठीक आहेत. पाहायचे ते एवढेच, की मूठ आवळून हात काढल्यावर कॅमेरा खाली झुकतो का. स्वस्तातल्या माथ्यात तो सावकाश, चोरपावलांनी झुकतो. समोरची पाटी मध्यभागी धरावी, हात काढावा आणि पाटी खाली-वर सरकते का, ते पडद्यावर पाहावे.

एक चांगली गोष्ट अशी, की कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला स्क्रूचा आटा जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. त्याचा व्यास पाव इंच आणि एका इंचात 20 आटे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही तिवईवर बसतो. मात्र कॅमेऱ्याला लावून चटकन बसवायची जी पट्टी असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. ती हरवली आणि तशीच दुसरी मिळाली नाही, तर तिवई निकामी होते. आर्का-स्विस नावाच्या घडणीची पट्टी पुष्कळ कंपन्या वापरतात. ती असेल तर बरे.

तिवई कशाची असावी? ॲल्युमिनियमची स्वस्त आणि मजबूत असते. ती वाकली तर पोचा पडतो, पण सहसा एकदम तुटत नाही. कार्बनच्या तंतूंची वजनाला हलकी असते, कंपने लवकर शोषते, पण बरीच महाग. आणि दगडावर जोरात आपटली तर तिला तडा जाऊ शकतो. लाकडाची तिवई कंपने छान शोषते, पण तिचे ओझे कोण वाहणार? डोंगर चढणाऱ्याने पैसे असतील तर कार्बनची घ्यावी. घरी, शाळेत, लग्नाच्या मांडवात काम करणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरेसे आहे.

खोक्यावर ‘3 किलो’, ‘8 किलो’ असे आकडे छापलेले असतात. शेजाऱ्यांच्या खोक्यावर 3 किलो लिहिले होते आणि त्यांचा कॅमेरा भिंगासह 2 किलोचा होता. म्हणजे हिशेब बरोबर होता! मग चुकले कुठे? हा आकडा ठरवण्याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच रीत नाही. तितके ओझे ठेवल्यावर तिवई मोडणार नाही, एवढेच पुष्कळदा त्याला म्हणायचे असते. तितक्या ओझ्याखाली ती स्थिर राहील, असे तो आकडा सांगत नाही. म्हणून आपल्या कॅमेऱ्याचे भिंगासह वजन करावे आणि खोक्यावरचा आकडा निदान दुप्पट, लांब भिंग असेल तर तिप्पट असावा. तरीही शेवटी विश्वास आकड्यापेक्षा हातावर ठेवावा.

हातावर म्हणजे कसा, ते सांगतो. दुकानात जाताना आपला कॅमेरा बरोबर न्या. तिवई पूर्ण उघडा, सगळे खटके लावा, दांडा खालीच ठेवा. दोन्ही तळवे माथ्यावर ठेवून हळूहळू जोर द्या. पाय घसरता कामा नये. मग माथा दोन्ही हातांनी धरून बरणीचे झाकण फिरवतो तसा अलगद पिळून पाहा. सारी तिवई पिळली जात असेल, तर सांधे ढिले आहेत. नंतर कॅमेरा बसवा, भिंग सर्वांत लांब करा आणि रस्त्यापलीकडची एखादी पाटी पडद्यावर मोठी करून पाहा. आता तिवईच्या पायाला बोटाने एक टिचकी मारा. पाटी नाचू लागेल. ती थांबेपर्यंत मनात आकडे मोजा. एक-दोन म्हणेपर्यंत थांबली तर तिवई चांगली. पाच-सहा झाले तरी नाचत असेल, तर दुकानदाराला नम्रपणे नको म्हणा. खटके दहा वेळा उघडा आणि लावा. दहाव्या वेळी हाताला पहिल्यासारखेच लागले पाहिजेत. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू द्या. पैसे तुमचे आहेत.

भाईजानला कॅमेरा दुरुस्तीसाठी मुंबईला न्यावा लागला. फोर्ट भागात बोरा बाजार आहे. छायाचित्रणाच्या सामानासाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. धाकटाही बरोबर गेला होता. मी सांगितलेल्या परीक्षा त्याने वहीत लिहून नेल्या होत्या. तीन दुकाने फिरून त्यांनी एक वापरलेली, ॲल्युमिनियमची, तीन टप्प्यांची तिवई निवडली. रंग जागोजागी उडालेला, वजन अडीच किलो. पण नळ्या सरळ होत्या, खटके धातूचे होते, स्क्रू आवळता येत होते आणि पट्टी जागेवर होती. किंमत त्या पडलेल्या नव्या तिवईपेक्षा थोडीशीच जास्त पडली. थोड्या पैशांत भक्कम तिवई हवी असेल, तर जुनी पण चांगली हा मार्ग मला नेहमीच पटतो. जुनी घेताना नळीला पोचा नाही ना, सांध्यात वाळू खरखरत नाही ना आणि पट्टी हरवलेली नाही ना, एवढे मात्र नीट पाहावे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे कॅमेरा नसेल, पण घरात मोबाइल असेल. मोबाइल हलका असतो, त्याला साधी तिवईही चालते. फक्त मोबाइल पकडणारा चिमटा घट्ट आहे का ते पाहा. गोल दिव्याबरोबर मिळणारे उंच, सडपातळ स्टँड घराबाहेर वाऱ्यात उभे करू नका. आणि पुढे कधी त्याच स्टँडवर खरा कॅमेरा बसवायचा मोह झाला, तर तो टाळा.

तिवई चांगली मिळाली, तरी ती उभी कुठे करायची, हा प्रश्न राहतोच. आमच्या मालेगावात आणि भिवंडीतही घराघरांत यंत्रमाग चालतात. भिंतीला हात लावला तरी त्यांची थरथर जाणवते. अशा घराच्या गच्चीवर जगातली उत्तम तिवईही थरथरेल, कारण तिच्याखालची फरशीच थरथरते. तिथे माग बंद व्हायची वाट पाहावी किंवा मैदानात जावे. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवावा. वारा असेल तर पाय थोडे फाकवून तिवई बुटकी करावी आणि मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी. पिशवी लोंबकळत झुलू लागली तर उलटाच परिणाम होतो, म्हणून ती जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. शटरचे बटण बोटाने दाबताना कॅमेरा हलतोच. त्यासाठी कॅमेऱ्यात दोन सेकंदांनी आपोआप शटर उघडण्याची सोय असते, ती वापरावी. हाताची थरथर सावरणारी यंत्रणा काही भिंगांत असते. तिवईवर ती बंद करावी, नाही तर नसलेली थरथर सावरण्याच्या नादात ती स्वतःच चित्र हलवू शकते.

तिवईची निगा फार नाही. पावसात भिजली तर पाय उघडे ठेवून वाळवावी, मगच मिटावी. समुद्रावर नेली तर घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत. खारे पाणी ॲल्युमिनियमला खाते आणि वाळूचा एक कण खटक्यात राहिला तरी नळी ओरखडत जाते. सांध्यात तेल सोडायचा मोह पुष्कळांना होतो. सोडू नये. तेलाला धूळ चिकटते, आणि जिथे नळी घट्ट धरली जावी तिथेच ती निसटू लागते. दोन-तीन महिन्यांनी स्क्रू आवळावेत. कॅमेरा वर ठेवूनच तिवई खांद्यावर घेऊन चालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या धाडसाचे मला भय वाटते.

भाईजानची ती दोन लग्ने झाली. कॅमेरा दुरुस्त व्हायचा होता, म्हणून त्याने मित्राचा कॅमेरा भाड्याने घेतला. त्या महिन्याची मिळकत भाड्यात आणि दुरुस्तीत गेली आणि एक हप्ता थकला. त्याने धाकट्याला रागावून एक शब्दही बोलला नाही. त्यामुळेच धाकट्याला जास्त लागले असावे.

पुढच्या वर्षी 29 व्या रोज्याला अवकाळी ढग आले. कोर दिसली नाही. 30 व्या रोज्याच्या संध्याकाळी आकाश निवळले. धाकट्याने दुपारीच गच्चीवर खडूने तीन फुल्या काढून ठेवल्या होत्या. एक फुली पश्चिमेला, भिंगाखाली. त्याने लहान मुलांना दूर दोरीपलीकडे उभे केले, प्रत्येक खटका हाताने चाचपला आणि दांडा खालीच ठेवला. कठडा उंच पडत होता, म्हणून तिवई पाण्याच्या टाकीशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर मांडली होती. त्या दिवशी चंद्र आदल्या दिवशीपेक्षा वर होता आणि कोरही थोडी जाड होती. पाव सेकंदाला शटर उघडून त्याने सात चित्रे काढली. शेजारच्या मागांची सुट्टी नुकतीच झाली होती. सातांपैकी पाच चित्रांत कोरीची दोन्ही टोके सुईसारखी स्वच्छ आली होती.